नसलेल्या चित्राची आठवण

मोबाइलच्या इमोजींमध्ये समुद्रघोडा आहे का, हा प्रश्न घरातल्या चार माणसांना विचारून पाहा. कोणीतरी बहुधा 'आहे की' असे म्हणेल, आणि म्हणताना जरासुद्धा अडखळणार नाही. कोणाला त्याचा रंग आठवतो, कोणाला शेपटीचे वेटोळे. मग मोबाइल उघडला जातो. साधा मासा सापडतो, पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत मासा सापडतो, फुगलेला काटेरी मासा, डॉल्फिन, ऑक्टोपस, खेकडा, शंख, सगळे सापडते. समुद्रघोडा तेवढा सापडत नाही. तरीही माणूस आपली आठवण सोडत नाही. 'पूर्वी होता, आता काढून टाकला असणार,' असे तो म्हणतो.

तो कोणी काढलेला नाही. तो कधी नव्हताच. तरी वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या असंख्य माणसांना हे एकच न पाहिलेले चित्र आठवते.

अशा सामायिक खोट्या आठवणी हा या लेखाचा विषय आहे. 'खोटी' हा शब्द मी लबाडीच्या अर्थाने वापरत नाही. सांगणारा मनापासून सांगत असतो, शपथेवर सांगायलाही तयार असतो. एकट्यादुकट्याचा विसराळूपणा आपण समजून घेतो. पण शेकडो माणसे एकच चूक एकाच तपशिलासह करतात, तेव्हा ती इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. साक्ष तपासण्याची आपली सगळी रीत एका साध्या नियमावर उभी आहे: अनेक साक्षीदार स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगत असतील, तर ती खरी धरावी. समुद्रघोडा नेमका या नियमावर बोट ठेवतो.

हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ कुतूहलाचा नाही. गेली काही वर्षे मी तंबूतल्या सिनेमाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते आहे. जत्रेत आणि आठवडी बाजाराच्या गावी फिरत्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तंबूमालकांच्या वह्या, तिकिटांची पुस्तके, जाहिरातींची पत्रके यांतले फारच थोडे उरले आहे. उरली आहे ती माणसांची सांगी. तिच्यावर किती भार टाकायचा, हे मला प्रत्येक मुलाखतीनंतर ठरवावे लागते.

दप्तर पुरे असलेला खटला

लोकस्मृतीबद्दलचे वाद सहसा मिटत नाहीत, कारण दप्तर अपुरे असते. 'कागद जळाला असेल', 'नोंद कोणी केलीच नसेल' असे म्हणायला नेहमीच जागा राहते. इमोजींच्या बाबतीत ती जागा जवळजवळ शिल्लक नाही.

जपानच्या एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ छोट्या चित्रांचा एक संच तयार केला. प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात घेतला. जपानी कंपन्यांचे असे संच एकमेकांशी जुळत नसत. एकाच्या फोनवरून पाठवलेले चित्र दुसऱ्याच्या फोनवर वेगळेच काही दिसे किंवा दिसतच नसे. हा घोळ मिटावा म्हणून २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत शेकडो इमोजींना कायमचे क्रमांक मिळाले. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांची सामायिक नोंदवही. आपली देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून याच वहीत आहे.

या वहीचा एक कडक नियम आहे. एकदा नोंदलेले चिन्ह पुन्हा काढले जात नाही. कंपन्या चित्राचे रूप बदलू शकतात, पण नोंद पुसता येत नाही. त्यामुळे कोणते चिन्ह केव्हा आले, हे वर्षासह सांगता येते. मासा, डॉल्फिन, देवमासा, ऑक्टोपस आणि शंख २०१० मध्ये आले. खेकडा २०१५ मध्ये आला. शार्क, स्क्विड आणि कोळंबी २०१६ मध्ये, शेवंड २०१८ मध्ये, कालव २०१९ मध्ये, सील २०२० मध्ये, प्रवाळ २०२१ मध्ये आणि जेलीफिश थेट २०२२ मध्ये. समुद्रघोड्याचा प्रस्तावही युनिकोडकडे गेला होता. तो २०१८ मध्ये नाकारला गेला. म्हणजे वहीत त्याची नोंद आहे ती नाकारलेल्या प्रस्तावांच्या यादीत.

वाचकांनी स्वतःवर एक छोटा प्रयोग करून पाहावा. २०१७ किंवा २०१८ च्या दिवाळीत शुभेच्छा पाठवताना तुम्ही पणतीचे इमोजी वापरले होते का? क्षणभर आठवा. पणतीचे चिन्ह युनिकोडमध्ये आले ते २०१९ च्या १२.० या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत रिक्षा, साडी आणि देऊळही आले. त्याआधीच्या दिवाळीत पणतीचे इमोजी पाठवणे कोणालाच शक्य नव्हते. मेणबत्ती पाठवता येत होती, फटाके पाठवता येत होते, पणतीचा फोटो पाठवता येत होता. पण दिवाळी म्हटल्यावर पणती असायचीच, म्हणून आजच्या सवयीची पणती मन मागच्या दिवाळ्यांतही लावून ठेवते.

मंडेला आणि गटाची चौकट

अशा सामायिक चुकीला 'मंडेला इफेक्ट' असे नाव पडले आहे. २०१० च्या सुमारास फियोना ब्रूम या अमेरिकन लेखिकेने ते रूढ केले. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, अशी तिची आठवण होती, आणि तशीच आठवण असलेली इतर माणसे तिला भेटत गेली. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले, १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी वारले. या तफावतीचा अर्थ लावताना काहींनी समांतर विश्वांपर्यंत मजल मारली. तिकडे जाण्याची आपल्याला गरज नाही. दक्षिण आफ्रिकेतले दुसरे एक मोठे नेते स्टीव्ह बिको १९७७ मध्ये खरोखरच पोलिसांच्या ताब्यात असताना वारले, आणि त्यांच्यावरचा 'क्राय फ्रीडम' हा चित्रपट १९८७ मध्ये जगभर दाखवला गेला. दूरच्या देशातला वर्णद्वेषविरोधी नेता, कोठडी, मृत्यू आणि अंत्ययात्रा एवढे साहित्य मनात असले, आणि त्यावर ठळक नाव एकच माहीत असले, की ते नाव त्या अंत्ययात्रेला चिकटायला वेळ लागत नाही.

ही चूक सगळीकडे सारखी पसरण्याजोगी नाही. भारतात १९९० मध्ये मंडेलांना भारतरत्न मिळाले आणि त्याच वर्षी ते भारतात येऊन गेले. त्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी माणसाला मंडेला तुरुंगात वारल्याचे आठवणे कठीण आहे, कारण त्याच्या आठवणीत जिवंत मंडेलांची पक्की खूण आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरीस आल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो. माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग अशा गटांनी पुरवलेल्या चौकटीत आठवतो, असे त्यांचे म्हणणे होते. आठवण जशी गटाची, तशी तिच्यातली चूकही गटाची असते. कोणत्या गटाला काय चुकीचे आठवते, यावरून त्या गटापर्यंत काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही, हे कळते.

मन जागा भरते

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे नव्वद वर्षांहून अधिक काळ लक्ष दिलेले आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन, ती पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावल्याचे प्रयोग नोंदवले. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली, आणि तिच्यातल्या अनोळखी गोष्टी ओळखीच्या होत गेल्या. होडी हा शब्द बदलून इंग्रजांच्या सवयीचा झाला. भुतांचा न समजणारा भाग गळून पडला. आठवताना मन जपून ठेवलेली वस्तू बाहेर काढत नाही, उरलेल्या तुकड्यांवरून आणि सवयीच्या साच्यावरून ती पुन्हा बांधते, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष होता.

१९९५ मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट या अमेरिकन संशोधकांनी जेम्स डीज यांच्या १९५९ च्या प्रयोगाला नवे रूप दिले. माणसांना शब्दांची यादी ऐकवायची: पलंग, विश्रांती, थकवा, स्वप्न, जांभई अशा जातीची. 'झोप' हा शब्द मात्र यादीत ठेवायचा नाही. नंतर आठवतील ते शब्द लिहायला सांगायचे. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात न ऐकवलेला मधला शब्द आठवल्याचे प्रमाण ५५ टक्के निघाले, आणि तो शब्द आपण कानांनी ऐकला असे अनेकांचे ठाम म्हणणे होते.

माझ्या मते समुद्रघोड्याचे बरेचसे कोडे इथे सुटते. मासा, रंगीत मासा, डॉल्फिन, ऑक्टोपस, शंख, खेकडा ही यादीच आहे, आणि मत्स्यालयाच्या भिंतीवर, लहान मुलांच्या अंकलिपीत, आंघोळीच्या साबणदाणीवर या यादीसोबत समुद्रघोडा हमखास असतो. इतर सगळे हजर असताना तो एकटाच गैरहजर असेल, असे मनाला वाटत नाही. काहींनी समुद्रघोड्याचे स्टिकर किंवा छापील चित्र खरोखर पाहिलेही असेल. पण मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडल्याप्रमाणे, आठवणीतला मजकूर आणि तो कुठून आला याची खूण या दोन गोष्टी मनात सारख्या टिकत नाहीत. मजकूर राहतो, पत्ता पुसला जातो.

चित्रांच्या बाबतीत सर्वांत नेटका प्रयोग शिकागो विद्यापीठातल्या दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांचा आहे. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकप्रिय पात्रे आणि व्यापारचिन्हे अशी ४० चित्रे घेतली, प्रत्येकाची एक मूळ आणि दोन बदललेली रूपे केली, आणि १०० जणांना मूळ रूप ओळखायला सांगितले. सात चित्रांच्या बाबतीत लोक नुसते चुकले नाहीत, एकच चूक करत राहिले, आणि तीही आत्मविश्वासाने. पिकाचूच्या शेपटीचे टोक अनेकांना काळे आठवते. काळी असतात ती त्याच्या कानांची टोके. मोनोपॉली या खेळावरच्या टोपीवाल्या गृहस्थाच्या डोळ्याला एकभिंगी चष्मा आठवतो. तो त्याला नाही. क्युरियस जॉर्ज या माकडाला शेपूट आठवते. त्याला शेपूट नाही. 'स्टार वॉर्स'मधला सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव नखशिखांत सोनेरी आठवतो. मूळ चित्रपटांत त्याचा एक पाय गुडघ्याखाली रुपेरी आहे.

या चुका वेगवेगळ्या वाटांनी येतात. माकड म्हटले की शेपूट, श्रीमंत म्हटले की भिंग, ही साच्याची करामत. यंत्रमानवाची चित्रे बहुतेकदा कमरेपर्यंतच दिसतात, म्हणून न पाहिलेला पाय मन सोनेरी रंगवते. पण फ्रूट ऑफ द लूम या कपड्यांच्या कंपनीच्या चिन्हाने सगळ्यांना पेचात टाकले आहे. त्यात फळे आणि पाने आहेत. लोकांना मात्र फळांमागे शिंगाच्या आकाराची वेताची टोपली आठवते. अशी टोपली रोजच्या पाहण्यातली नाही. फळे म्हटल्यावर परडी किंवा ताटली आठवायला हवी होती. दोन्ही संशोधिकांनी स्पष्ट नमूद केले की सगळ्या चित्रांना लागू पडेल असे एकच कारण सापडत नाही. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. 'मनाचा साचा' हे सगळी कुलपे उघडणारे उत्तर नव्हे.

सांबाला विचारलेला प्रश्न

आता माझ्या ध्वनिमुद्रणांकडे वळते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला आणि पुढे तंबूंमधून गावोगाव गेला. त्याबद्दल बोलताना अनेक जण आपणहून गब्बरसिंगची नक्कल करतात. नक्कल बहुधा अशी असते: आधी सांबाला खास ठेक्यात हाक, आणि लगेच माणसे किती होती हा सवाल.

चित्रपटात असे एकदाही घडत नाही. माणसे किती होती, हे गब्बर विचारतो ते हात हलवत परतलेल्या कालियाला आणि त्याच्या दोन साथीदारांना. खडकावर बसलेल्या सांबाला त्याच प्रसंगात विचारले जाते ते सरकारने आपल्यावर किती बक्षीस लावले आहे, हे. दोन वेगळी वाक्ये, दोन वेगळी माणसे. कालिया झालेले विजू खोटे हे आपले मराठी नट. त्यांच्या वाट्याचा तो गाजलेला प्रश्न लोकस्मृतीने उचलून सांबा झालेल्या मॅकमोहन यांच्या पदरात घातला.

चित्रपट कमी पाहिल्यामुळे ही चूक झाली, असे म्हणता येत नाही. 'शोले' पुन्हा पुन्हा पाहणारी माणसे हीच आहेत. शिवाय त्याच्या संवादांच्या वेगळ्या ध्वनिमुद्रिका पॉलिडोर कंपनीने काढल्या होत्या आणि त्या लग्नाच्या मांडवात, गणपतीत, हॉटेलांत वाजत असत. मूळ शब्द कानांवर पडायची सोय भरपूर होती.

माझा कयास असा आहे. पडद्यावर गब्बर बोलतो तेव्हा तो कोण हे सांगावे लागत नाही. चेहरा समोर असतो. पण पानाच्या टपरीवर किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत तेच वाक्य म्हणायचे, तर ते कोणाचे हे ऐकणाऱ्याला कळायला हवे. 'माणसे किती होती' हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारू शकतो. सांबाची हाक पुढे जोडली की वाक्यावर गब्बरची सही होते. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या १९८० च्या चित्रपटात डार्थ वेडर आपण ल्यूकचा बाप असल्याचे सांगतो, तेव्हा त्या वाक्यात तो ल्यूकचे नाव घेत नाही. लोकांच्या तोंडी मात्र ते वाक्य ल्यूकच्या नावासह बसले आहे. कारण तेच. प्रसंगातून बाहेर पडणारे वाक्य ओळखपत्र घेऊन निघते.

यातून साक्षीबद्दल एक गोष्ट कळते. तंबूत बसलेल्या माणसाने चित्रपट काही वेळा पाहिला, पण मित्रांच्या नकला शेकडो वेळा ऐकल्या. त्याला आठवते ते बरेचसे नकलांमधले असते. मग अशी दहा माणसे मला एकच वाक्य सांगतात, तेव्हा ते दहा साक्षीदार म्हणायचे की एकाच नकलेच्या दहा प्रती?

न घेतलेले छायाचित्रण

इथवरच्या चुका निरुपद्रवी आहेत. पुढची तशी नाही. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल या इस्रायली कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ विमान ॲमस्टरडॅमच्या बैलमेरमेअर भागातल्या निवासी इमारतींवर कोसळले. अधिकृत नोंदीप्रमाणे ४३ माणसे मेली. विमान आदळण्याच्या क्षणाचे चित्रण कोणाकडेही नव्हते. दूरचित्रवाणीवर दिसली ती नंतरची आग आणि ढिगारे. काही महिन्यांनी हान्स क्रोम्बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच लोकांना विचारले, की विमान इमारतीवर आदळले त्या क्षणाची दूरचित्रवाणीवरची फिल्म तुम्ही पाहिली का. ५५ टक्के लोकांनी 'हो' म्हटले. कायद्याच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ६६ टक्के होते. विमान कोणत्या कोनातून आले, आदळताच आग लागली का, असले तपशीलही अनेकांनी सांगितले.

त्या प्रश्नाची रचना पाहण्यासारखी आहे. 'अशी फिल्म होती का' असे कोणी विचारलेच नाही. फिल्म होती हे प्रश्नाने गृहीत धरले आणि उत्तर देणाऱ्याने ते गृहीत पचवले. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये हेच छोट्या प्रमाणावर दाखवले होते. अपघाताची एकच फिल्म दाखवून काहींना गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता असे विचारले, काहींना 'धडाडून आदळल्या' तेव्हा किती होता असे विचारले. आठवड्यानंतर दुसऱ्या गटातल्या ३२ टक्के लोकांना फुटलेल्या काचा आठवल्या, पहिल्या गटातल्या १४ टक्क्यांना. फिल्ममध्ये काचा फुटलेल्या नव्हत्या.

न्यायालयात याची किंमत माणसांच्या आयुष्याने मोजली गेली आहे. अमेरिकेत डीएनए तपासणीने नंतर निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांची नोंद इनोसन्स प्रोजेक्ट ही संस्था ठेवते. त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखले होते. ते साक्षीदार खोटे बोलत नव्हते.

तेर्नीचा कामगार

तर मग सांगीव इतिहास बाजूला ठेवावा आणि कागदापुरतेच बोलावे का? या प्रश्नाला माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उत्तर इटलीतून आले आहे.

तेर्नी हे पोलादाच्या कारखान्याचे गाव. तिथे १७ मार्च १९४९ रोजी, इटलीने नाटो करारात सामील होण्याविरुद्ध निघालेल्या कामगारांच्या मोर्चात पोलिसांशी झटापट झाली आणि लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार मारला गेला. तारीख आणि कारण कागदोपत्री पक्के आहे. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे अभ्यासक काही दशकांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेऊ लागले, तेव्हा अनेकांनी त्याचा मृत्यू १९५३ मध्ये झाल्याचे सांगितले. त्या वर्षी कारखान्याने दोन हजारांहून अधिक कामगारांना काढून टाकले होते आणि गावात रस्त्यावर संघर्ष पेटला होता. लोकांच्या आठवणीत त्रास्तुल्ली त्या संघर्षात पडला.

पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून टाकून दिली नाही. ती का घडली, हा त्यांनी संशोधनाचा विषय केला. साथीदार मारला गेला आणि आपण काही करू शकलो नाही, हा सल गावाला होता. दूरच्या लष्करी कराराविरुद्धच्या छोट्या मोर्चातले मरण त्या सलाच्या मानाने अपुरे वाटत होते. नोकऱ्या वाचवण्यासाठी गाव उठले त्या लढ्यात ते मरण ठेवले की त्याला अर्थ येत होता. म्हणून स्मृतीने प्रेत चार वर्षे पुढे नेले. १९४९ ची तारीख घटनेबद्दल सांगते. १९५३ ची तारीख गावाबद्दल सांगते, आणि ते दुसऱ्या कोणत्याही कागदात लिहिलेले नाही.

मला वाटते, सामायिक खोट्या आठवणीकडे पाहण्याची ही योग्य जागा आहे. एकमत झाले म्हणून घटना सिद्ध होत नाही, आणि घटना सिद्ध झाली नाही म्हणून एकमत निरर्थक ठरत नाही. शंभर जण वेगवेगळे चुकले, तर तो गोंधळ आहे. शंभर जण एकसारखे चुकले, तर त्या चुकीला घडण आहे, आणि जिला घडण आहे तिला इतिहासही आहे.

दप्तरच बदलू लागले तर

आजवर आपल्याला एक आधार होता. आठवण चुकली तरी वस्तू जागेवर राहत असे. जुना सदरा काढून चिन्ह पाहता येत होते, फिल्म पुन्हा लावून संवाद ऐकता येत होता. हा आधार आता सैल होतो आहे. शिंगाच्या टोपलीचे नसलेले चिन्ह हवे तितके जुनाट आणि विटके दिसेल असे काही सेकंदांत बनवता येते, आणि ते पुरावा म्हणून फिरू लागते. २०२५ मध्ये संभाषण करणाऱ्या संगणकीय प्रणालींना लोकांनी समुद्रघोड्याच्या इमोजीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनीही 'आहे' असे सांगितले. दाखवायला गेल्यावर त्यांनी मासा दाखवला, मग घोडा, मग पुन्हा माफी मागून दुसरा मासा. त्या प्रणाली आपल्याच लिहिलेल्या मजकुरावर शिकलेल्या आहेत, आणि तो इमोजी असल्याचे माणसांनी लिहून ठेवलेले आहे. आपली आठवण यंत्रात गेली आणि तिथून अधिकृत वाटणाऱ्या आवाजात परत आली. पुढच्या पिढीतल्या कोणाला समुद्रघोडा आठवला, तर तो त्याने स्वतः आठवला की यंत्राकडून ऐकला, हे सांगणे अवघड जाईल.

म्हणून मुलाखतीच्या कामात मी काही शिस्त पाळते. माझा प्रश्न ज्या शब्दांत विचारला, त्याच शब्दांत लिहून ठेवते, कारण उत्तराचा काही भाग प्रश्नातच दडलेला असू शकतो. जुने छायाचित्र किंवा पोस्टर आधी दाखवत नाही. आठवणी सांगून झाल्यावर दाखवते. चार मित्र एकत्र बसून बोलत असतील, तर त्यांची साक्ष एकच धरते. आणि प्रत्येक ठाम तपशिलानंतर विचारते, 'हे तुम्ही पाहिलेत की कोणाकडून ऐकलेत?' या प्रश्नावर बहुतेक आजोबा-आजी रागावत नाहीत. थोडे थांबतात, आणि त्या थांबण्यातून पुष्कळदा एखादे नाव निघते: तंबूत गॅसबत्त्या लावणारा, गावात नकला करून दाखवणारा, ध्वनिमुद्रिका वाजवणारा हॉटेलवाला. आठवणीचा पुसलेला पत्ता असा थोडाफार परत लागतो.

माझ्या वहीत प्रत्येक मुलाखतीची दोन पाने असतात. एकावर जे इतर आधारांशी ताडून पाहता आले ते, दुसऱ्यावर जे ताडता आले नाही किंवा चुकीचे ठरले ते. सांबाला विचारलेला तो प्रश्न दुसऱ्या पानावर आहे, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारखेसह. तो मी खोडलेला नाही. 'शोले'मध्ये काय घडले, हे फिल्म लावून कोणालाही पाहता येईल. गावात 'शोले'चे काय झाले, ते त्या दुसऱ्या पानावरच आहे.